सिनेमाचं रेटिंग हसत-खेळत कसं सांगावं: नव्या परीक्षकांसाठी

इंग्रजी वृत्तपत्रांतली सिनेमाची परीक्षणं नेमानं वाचणाऱ्यांना एक खोड लागते: आधी तळाची ओळ वाचायची, मग वर जायचं. तळाशी तसं काही विशेष नसतं. सिनेमाला कोणतं रेटिंग (म्हणजे तो कोणत्या वयाच्या प्रेक्षकांसाठी आहे याचा शिक्का) मिळालं, कशामुळे मिळालं आणि सिनेमा किती लांब आहे, एवढंच. पण न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकांनी याच ओळीत वर्षानुवर्षं आपला खोडकरपणा करून घेतला आहे. ए. ओ. स्कॉट २००० ते २०२३ या काळात तिथे सिनेमावर लिहीत होते. त्यांचं परीक्षण पटो न पटो, तळाची ओळ चुकवायची नाही असं ठरवलेले वाचक होते.

परीक्षणं लिहायला नुकतीच सुरुवात केली असेल तर ही ओळ फार चांगला सराव आहे. वीस-पंचवीस शब्दांत माहितीही द्यायची आणि हसवायचंही. दिसतं तितकं सोपं नाही, कारण हसवण्याच्या नादात बहुतेकांची माहितीच गळून पडते. म्हणून एक कसोटी आधीच सांगून ठेवतो. तुमची ओळ वाचून हसलेल्या बापाला ‘मग दहा वर्षांच्या पोरीला नेऊ की नको?’ या प्रश्नाचं उत्तर मिळालं पाहिजे. मिळालं नाही, तर विनोद कितीही झकास असला तरी ओळ फसली.

पहिली पायरी: नियम माहीत करून घ्या

नियमांवर थट्टा करायची तर नियम आधी तोंडपाठ हवेत. अमेरिकेतली पद्धत सर्वांत जास्त चेष्टेचा विषय झालेली आहे, म्हणून तिथून सुरुवात करू.

अमेरिकेत ही रेटिंगं १ नोव्हेंबर १९६८ पासून आली. जॅक व्हॅलेंटी तेव्हा निर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख होते. सुरुवातीला चारच वर्ग होते: जी (सर्वांसाठी), एम (विषय प्रौढ, पालकांनी विचार करावा), आर (मुलांसोबत पालक हवेत) आणि एक्स (मुलांना प्रवेशच नाही). यातला ‘एम’ आरपेक्षा कडक आहे असा पालकांचा गैरसमज होऊ लागला, म्हणून त्याचा ‘जीपी’ केला आणि १९७२ मध्ये ‘पीजी’. ‘एक्स’ची कथा आणखी मजेची. संघटनेनं बाकीची चिन्हं आपल्या नावावर नोंदवली, एक्स मात्र मोकळा सोडला. झालं! अश्लील सिनेमे काढणाऱ्यांनी तो स्वतःच स्वतःला लावून घ्यायला सुरुवात केली, दुकानदारानं पाटी रंगवावी तसा. ‘मिडनाइट काउबॉय’ला एक्स असूनही १९७० च्या सोहळ्यात सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालं होतं, पण पुढे त्या अक्षराची अब्रू इतकी गेली की १९९० मध्ये त्याच्या जागी ‘एनसी-१७’ आणावं लागलं, आणि हे मात्र आठवणीनं नोंदवून घेतलं.

‘पीजी-१३’ (तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांनी विशेष काळजी घ्यावी) हे पीजी आणि आर यांच्या मधलं, १९८४ चं अपत्य. त्या वर्षी इंडियाना जोन्सच्या दुसऱ्या सिनेमात जिवंत माणसाच्या छातीतून हृदय उपटून काढलेलं दाखवलं आणि ‘ग्रेमलिन्स’मध्ये एक प्राणी मायक्रोवेव्हमध्ये फुटला. दोन्ही सिनेमांना पीजी, म्हणजे पालकांनी जरा लक्ष ठेवावं इतकंच. पालक भडकले. पहिल्याचा दिग्दर्शक आणि दुसऱ्याचा कार्यकारी निर्माता एकच, स्टीव्हन स्पीलबर्ग. मधला एखादा वर्ग काढा असं त्यांनीच व्हॅलेंटींना सुचवलं. आग लावणाऱ्यानंच बंब मागवला म्हणा ना.

सिनेमांना रेटिंग देणाऱ्या ब्रिटनच्या मंडळाची स्थापना १९१२ ची. १९८४ मध्ये त्यांनी नावातला ‘सेन्सॉर’ काढून ‘क्लासिफिकेशन’ घातलं. आद्याक्षर तेच, त्यामुळे बीबीएफसी ही चार अक्षरं जशीच्या तशी राहिली. त्यांचे वर्ग यू, पीजी, १२ए (बारा वर्षांखालील मुलांसोबत मोठं माणूस हवं), १५ आणि १८. भारतात १९५२ च्या कायद्याखाली यू आणि ए होते, १९८३ मध्ये यूए आणि एस (डॉक्टरांसारख्या ठरावीक व्यावसायिकांसाठी) आले, आणि २०२३ च्या दुरुस्तीनं यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन तुकडे झाले. एक फरक कायम लक्षात ठेवा. अमेरिकेतलं रेटिंग ऐच्छिक आहे, कायद्याचं बंधन नाही. भारतात प्रमाणपत्राशिवाय सिनेमा जाहीरपणे दाखवताच येत नाही. त्यामुळे अमेरिकन समीक्षक ‘सरकारनं ठरवलं आहे की...’ असं कधी लिहीत नाही. तुम्ही तिथल्या सिनेमाबद्दल तसं लिहिलंत, तर जाणकार वाचक विनोदाकडे वळण्याआधीच तुम्हाला बाद करेल.

वर्गांच्या नावांपेक्षा आतले बारीक नियम जास्त उपयोगी पडतात, कारण हशा तिथे दडलेला असतो. अमेरिकेत पीजी-१३ मध्ये सर्वांत जड इंग्रजी शिवी साधारणपणे एकदाच चालते, तीही रागाची किंवा आश्चर्याची म्हणून. शारीरिक अर्थानं नाही. दुसऱ्यांदा आली की आर. (रेटिंग देणाऱ्या मंडळातल्या दोन तृतीयांश लोकांना वाटलं तर सूट मिळते.) याचा परिणाम असा की पटकथालेखक ती एकमेव शिवी घरातल्या सोन्यासारखी जपून ठेवतात आणि नेमक्या प्रसंगी काढतात. ती कोणाच्या तोंडी दिली आहे आणि सत्कारणी लागली की वाया गेली, यावर तळाची अख्खी ओळ उभी राहू शकते. आणखी काही नियम: अमली पदार्थ घेताना दाखवले की किमान पीजी-१३. हिंसा वास्तव वाटणारी आणि वर टोकाची किंवा सतत चालणारी असेल तर सहसा आर. २००७ पासून धूम्रपानाचाही विचार होतो. उलट, निळ्या किरणांनी शहरंच्या शहरं जमीनदोस्त झाली आणि रक्ताचा थेंब दिसला नाही, तर पीजी-१३ वर निभावतं. या शेवटच्या विसंगतीवर समीक्षकांची निम्मी रोजीरोटी चालते.

दुसरी पायरी: मंडळाचं कारण शब्दशः वाचा

१९९० पासून अमेरिकेतलं मंडळ रेटिंगसोबत कारणही देऊ लागलं, आधी फक्त आरसाठी, पुढे इतरांसाठीही. एका वाक्यात, अत्यंत गंभीर चेहऱ्यानं. फिल्मरेटिंग्ज डॉट कॉमवर ते मिळतं. नवखे लोक इथे घाई करतात. आपला विनोद आधी लिहितात आणि कारण नंतर बघतात. उलटं करा, कारण बरेचदा मंडळानंच नकळत बाजी मारलेली असते.

‘ट्विस्टर’ हा १९९६ चा, भोवऱ्यासारख्या टोर्नेडो वादळांवरचा सिनेमा. त्याच्या पीजी-१३ चं कारण काय दिलं होतं, तर ‘अतिशय वाईट हवामानाचं तीव्र चित्रण’. ‘जेफरसन इन पॅरिस’ या १९९५ च्या ऐतिहासिक सिनेमाच्या कारणांत प्रौढ विषय आणि हिंसेची काही दृश्यं यांच्या जोडीला ‘चावट बाहुल्यांचा खेळ’ आहे. २००४ च्या ‘टीम अमेरिका’ला आर मिळालं: बीभत्स आणि लैंगिक विनोद, हिंसक दृश्यं, जहाल भाषा, आणि शेवटी ‘हे सर्व बाहुल्यांकडून’. २०१० च्या ‘ॲलिस इन वंडरलँड’च्या पीजीमध्ये भीतिदायक प्रसंगांनंतर ‘धूम्रपान करणारा सुरवंट’ येतो.

या चार वाक्यांत सगळं शिक्षण आहे, म्हणून जरा थांबून बघा. एकही वाक्य विनोद करण्यासाठी लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्यानं प्रामाणिकपणे नोंद केली आहे. पण नोंदीची भाषा एका मापाची आणि नोंदवायची वस्तू दुसऱ्याच मापाची, म्हणून हसू येतं. सुरवंट हुक्का ओढतो हे कुणी हसून सांगितलं असतं तर फारसं काही वाटलं नसतं. कारकुनानं चष्मा सावरून रजिस्टरात लिहिलं, म्हणून ते गंमतीचं झालं. तुमचाही सूर तोच हवा. डोळा मिचकावायचा नाही, उद्गारचिन्ह नाही, ‘हा हा’ तर नाहीच.

ब्रिटिश मंडळ यात आणखी तरबेज. ‘द किंग्ज स्पीच’ हा अडखळत बोलणाऱ्या राजाचा सिनेमा. उपचाराचा भाग म्हणून राजा एकापाठोपाठ एक शिव्या देतो. अमेरिकेत शिव्या मोजल्या गेल्या आणि आर मिळालं. ब्रिटनमध्ये आधी १५, मग वितरकांनी दाद मागितल्यावर १२ए, आणि सोबत सूचना: ‘वाचोपचाराच्या संदर्भात जहाल भाषा’. एवढ्या शब्दांत शिव्या आहेत हेही कळलं, का आहेत हेही कळलं, आणि राजाची अब्रूही राहिली. मला विचाराल तर या प्रकारातली ही सर्वांत सुंदर ओळ आहे, आणि ती समीक्षकानं नव्हे, एका मंडळानं लिहिली आहे.

याच मंडळाला २०१६ मध्ये एका तरुण ब्रिटिश दिग्दर्शकानं, चार्ली लाइननं, भिंतीवरचा रंग वाळतानाचा ६०७ मिनिटांचा सिनेमा पाठवला. प्रमाणपत्राची फी मिनिटांवर आकारतात, आणि छोट्या निर्मात्यांना ती परवडत नाही याचा हा निषेध होता. फीसाठी लोकांकडून वर्गणी गोळा केली होती, त्यामुळे जितके पैसे जमतील तितका लांब सिनेमा. मंडळानं तो पूर्ण पाहिला आणि यू दिलं. कोणाला दुखावेल किंवा अपाय करेल असं काही त्यात आढळलं नाही. निषेध एका बाजूला, पण गंभीर चेहऱ्याच्या स्पर्धेत मंडळ जिंकलं असं माझं मत.

म्हणजे दुसऱ्या पायरीचा नियम असा: मंडळाचं वाक्य तुमच्यापेक्षा सरस असेल तर मुकाट्यानं तेच द्या. शेजारी आपली जोड देऊ नका.

तिसरी पायरी: बघताना टिपून ठेवा

अंधारात लिहायची सवय नसेल तर सिनेमा संपल्यावर लगेच, कुणाशी बोलायच्या आधी. पालकांना जे हवं असतं तेवढं टिपा: मारामारी कशी, रक्त किती, शिव्या कोणत्या जातीच्या, अंग किती दिसतं, दारू-सिगारेट, दचकवणारे प्रसंग. मोजदाद काटेकोर नको, अंदाज पुरे. पण वस्तू नेमक्या लिहा. ‘हिंसा’ असं लिहिलंत तर घरी जाऊन त्यावर काहीच सुचणार नाही. ‘म्हातारा छत्रीनं तिघांना लोळवतो’ असं लिहिलंत तर ओळ निम्मी तयार झाली.

आणि एक वेगळा रकाना ठेवा: नियमांत न बसणारे गुन्हे. खोट्या दाढ्या. नायकाचा न संपणारा उपदेश. पावसात भिजत केलेली तीन वेगवेगळी प्रेमकबुलीजबाबं. तळाच्या ओळीतलं मीठ इथून येतं.

चौथी पायरी: ओळ बांधणं

सांगाडा साधा आहे. आधी रेटिंग, मग कंसात त्याचा अधिकृत अर्थ (उदाहरणार्थ ‘१७ वर्षांखालील मुलांसोबत पालक हवेत’), मग एक वाक्य. न्यूयॉर्क टाइम्सचा साचा साधारण हाच होता. विनोद फक्त त्या शेवटच्या वाक्यात. रेटिंगच्या अक्षरांशी खेळू नका, ती जशी आहेत तशीच द्या.

त्या वाक्याच्या चाली मोजक्याच आहेत, आणि सगळ्यांत जास्त चालणारी म्हणजे तीन वस्तूंची यादी. पहिल्या दोन खऱ्याखुऱ्या सूचना, तिसरी वाकडी. ‘हिंसा नाही, शिव्या नाहीत, आणि पहिल्या तासाभरात संवादही नाहीत.’ क्रम बदलून बघा, मजा लगेच मरते. वाकडी वस्तू मधे आली की वाचक पुढच्या खऱ्या सूचनेवरही हसतो, आणि तिथेच माहिती वाया जाते. म्हणून गंमत शेवटी, नेहमी शेवटी. पण ही चाल इतकी हुकमी आहे की लोक प्रत्येक परीक्षणात वापरतात आणि चौथ्या वेळेला वाचकाला ती लांबून येताना दिसते.

दुसरी चाल कमी सांगण्याची. भरपूर रक्त असलेल्या भयपटाबद्दल ‘रक्ताचे पाट, मांसाचा चिखल’ असं लिहिलं तर ती जाहिरात झाली. ‘बारा जण सहलीला निघतात, परतीची गाडी बरीच रिकामी असते’ असं लिहिलं तर वाचक आकडा स्वतः लावतो. मात्र त्यापुढे ‘हत्या जवळून आणि सविस्तर दाखवल्या आहेत’ हे साधं वाक्य जोडायला विसरू नका. नाहीतर कुणाला ती कौटुंबिक सहल वाटेल.

तिसरी चाल पालकांच्या बाजूनं बोलण्याची, आणि माझी ही सर्वांत आवडती. सिनेमात काय आहे यापेक्षा सिनेमा सुटल्यावर काय होईल ते सांगायचं. ‘घरी जाताना मागच्या सीटवरून दोन प्रश्न येतील, दुसऱ्याचं उत्तर आत्ताच ठरवून ठेवा.’ किंवा ‘लहान मुलं घाबरणार नाहीत, मोठ्यांना रात्री दिवा लागेल.’ यात मूल, पालक आणि सिनेमा तिघंही येतात, आणि वयाबद्दलचं उत्तर आपोआप मिळतं.

चौथी चाल नियमांची विसंगती दाखवण्याची. वर म्हटलेल्या उद्ध्वस्त शहरांसाठी: ‘दोन खंड नष्ट होतात, कुणालाही खरचटत नाही, आणि नायिका एकदा सिगारेटकडे रोखून बघते.’ ही चाल जपून वापरा. तिच्या जोरावर समीक्षक मंडळाशी भांडण काढतो, आणि तळाची ओळ ही भांडणाची जागा नव्हे. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी तिथल्या पद्धतीवर वर्षानुवर्षं कडक टीका केली, आर आणि एक्स यांच्या मधे प्रौढांसाठी वेगळा ‘ए’ वर्ग असावा असा आग्रह धरला. पण त्यासाठी ते रीतसर लेख लिहीत. तुम्हालाही राग आला असेल तर लेख लिहा.

आता एक ओळ सुरुवातीपासून घडवून बघू. समजा असा एक काल्पनिक सिनेमा आहे: वडील गेले, मागे मोठं घर आणि एक पियानो उरला, आणि दोन साठीतले भाऊ वाटणीवरून भांडतात. शिव्या बऱ्याच, पण हलक्या, जड एकच. एका रात्री धाकटा दारूच्या भरात पियानोवर कुऱ्हाड चालवतो. थोरला आंघोळ करताना पाठमोरा दिसतो. अमेरिकेत पीजी-१३ मिळालं असं धरू.

पहिला मसुदा: ‘पीजी-१३. भाषा, मद्यपान, काही हिंसा आणि थोडी नग्नता.’ चूक काहीच नाही, पण यातून खुनाचा सिनेमाही निघेल आणि मेजवानीचाही. पालकाला ‘हिंसा’ म्हणजे काय ते कळलंच नाही. म्हणजे रुक्ष ओळ माहितीपूर्ण असतेच असं नाही, हे इथे दिसतं.

दुसरा मसुदा: ‘पीजी-१३. एका निष्पाप पियानोचा निर्घृण खून. कमकुवत मनाच्या संगीतप्रेमींनी दूर राहावं.’ हसू येतं. पण शिव्या कुठे गेल्या? दारू? आंघोळ? बाप पोरीला घेऊन गेला आणि थोरल्या भावाची पाठ बघून परत आला तर तुम्हाला शिव्या घालेल, आणि त्या जड असतील. शिवाय ‘कमकुवत मनाच्यांनी दूर राहावं’ हा शेरा इतका वापरून झिजला आहे की त्याला आता आवाजच येत नाही.

तिसरा: ‘पीजी-१३ (१३ वर्षांखालील मुलांच्या पालकांनी विशेष काळजी घ्यावी). दोघे भाऊ एकमेकांना जे बोलतात ते मुलांनी घरात बहुधा ऐकलेलं असेल, एक शब्द सोडून. एक भाऊ पाठमोरा आंघोळ करतो, दुसरा पितो. कुऱ्हाड निघते, पण फक्त पियानोवर.’

इथे सगळं आलं. शिव्यांची जात, एका जड शब्दाची सूचना, नग्नता किती आणि कोणत्या बाजूनं, दारू, आणि हिंसेत माणसाला इजा नाही हे सर्वांत महत्त्वाचं. ‘फक्त पियानोवर’ हे शब्द दोन कामं करतात: पालकाला दिलासा देतात आणि वाक्याला कलाटणीही. असा शब्द सापडला की थांबा. तिथे आणखी एक चुटका जोडायचा मोह होईल. (‘पियानोच्या वारसांनी दावा लावल्याचं वृत्त नाही’ वगैरे.) जोडू नका.

शिळ्या विनोदांची एक छोटी यादीही जवळ ठेवा. ‘हा सिनेमा पाहणं आरोग्यास अपायकारक आहे.’ ‘दिग्दर्शकालाच प्रमाणपत्र द्यायला हवं.’ ‘सुजाण प्रेक्षकांसाठी बंदी.’ हे पहिल्यांदा कुणी लिहिलं ते माहीत नसलं तरी शेवटचं कुणी लिहिलं ते तुम्ही असू नये. यांत आणखी एक दोष आहे: ही वाक्यं कोणत्याही वाईट सिनेमाला चिकटतात. रेटिंगची ओळ त्याच सिनेमाला बसेल अशी हवी. आणि सिनेमा वाईट आहे हे परीक्षणात सांगून झालं असेल, तर तळाशी त्याला पुन्हा झोडपण्यात शौर्य नाही. उलट ज्या सिनेमाला वर धुतलं, त्याची तळाची ओळ जरा मायेनं लिहिली तर जास्त खुलते.

कुठे थट्टा करायची नाही

लैंगिक अत्याचार, आत्महत्या, स्वतःला इजा करून घेणं, मुलांवरचे अत्याचार. सिनेमात यांपैकी काही असेल तर ओळ साधी, सरळ, एका श्वासात वाचता येईल अशी लिहा. बाकी सगळा सिनेमा विनोदी असला तरीही. मधला मार्ग शोधत बसू नका. या विषयांच्या शेजारी ठेवलेला निरुपद्रवी चुटकाही वाईट दिसतो.

शारीरिक धोक्याच्या सूचनाही याच वर्गात. २०१८ मध्ये ‘इन्क्रेडिबल्स २’ या मुलांच्या सिनेमात लखलखत्या प्रकाशाची दृश्यं होती, आणि अपस्माराचा त्रास असलेल्यांसाठी चित्रपटगृहांत सूचना लावाव्या लागल्या. रेटिंगमध्ये ही गोष्ट येत नाही, कारण रेटिंग वयाचा विचार करतं, आजाराचा नाही. म्हणून समीक्षकानं ती आठवणीनं लिहावी, आणि अगदी कोरडेपणानं लिहावी.

माणसांच्या दिसण्यावरून, उच्चारांवरून, जातिधर्मावरून केलेल्या कोट्या तर मुळातच नकोत. त्या रेटिंगबद्दल काहीच सांगत नाहीत.

रहस्यभेदाचं काय, हा प्रश्न नव्या लोकांना हमखास पडतो. ब्रिटिश मंडळ आपल्या साइटवर सविस्तर माहिती देतं, तीत कधी कधी कथेचे धागे उघडे पडतात. ‘डझ द डॉग डाय’ नावाची साइट तर त्याच कामाला वाहिलेली आहे: कुत्रा मरतो का, याचं उत्तर प्रेक्षकच देतात, आणि आता अशा कितीतरी प्रश्नांची. तुमच्या ओळीत मात्र ‘कोण’ आणि ‘केव्हा’ गाळा, ‘काय’ ठेवा. ‘एका पाळीव प्राण्याचा मृत्यू’ पुरे. तो शेवटी मरतो, आणि नायकाला वाचवताना मरतो, हे पालकाला आधी कळायची गरज नाही. रुमाल बरोबर घ्यायचा की नाही, एवढंच कळलं की झालं.

छापण्याआधी

मोठ्यानं वाचा. तीसेक शब्दांच्या पुढे गेली असेल तर कापा, आणि कापताना आधी विशेषणं उडवा. मग सिनेमा न पाहिलेल्या एखाद्याला वाचायला द्या आणि विचारा, ‘यात काय काय आहे?’ त्यानं हसून नुसतं ‘मस्त’ म्हटलं तर ओळ परत घ्या. ‘शिव्या आहेत, रक्त नाही, दहा वर्षांच्या मुलाला चालेल’ असं काही म्हणाला, आणि तेही हसत, तर पाठवून द्या.

कोणत्या देशाचं रेटिंग देताय ते स्पष्ट लिहा. एकच सिनेमा एका ठिकाणी १२ए आणि दुसरीकडे आर असू शकतो, हे वर राजाच्या गोष्टीत आलंच. ऑनलाइन पाहिला असेल तर तिथलं वर्गीकरण वेगळं असू शकतं. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ते ओटीटी कंपनी स्वतःच करते, आणि पडद्यावर सुरुवातीला ‘भाषा, हिंसा’ अशी जी दोन-चार शब्दांची पट्टी दिसते ती तिनंच लिहिलेली असते. ती पट्टी म्हणजे मंडळाचं कारण नव्हे, त्यामुळे मंडळाच्या नावानं खपवू नका.

आणि आवृत्ती तपासा. ‘द किंग्ज स्पीच’ची २०११ मध्ये अमेरिकेत पीजी-१३ मिळालेली दुसरी आवृत्तीही आली, जड शिव्यांना कात्री लावलेली. आरच्या आवृत्तीसाठी ज्यांनी राजाच्या शिव्यांवर झकास ओळ लिहून ठेवली होती, त्यांना ती या आवृत्तीखाली तशीच चिकटवण्याची सोय राहिली नाही.